मालवणच्या खानावळीत जेवावं कसं? नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका, चित्रांविना

ही मार्गदर्शिका मालवणातल्या छोट्या खानावळीत पहिल्यांदाच जेवायला बसणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचं आजोळ मसुरे, आचरा किंवा पेंडुरात आहे त्यांनी ती वाचू नये. वाचलीच, तर चुका काढू नयेत. चुका काढणं हा आमच्या जिल्ह्याचा मुख्य धंदा आहे, मासेमारी त्यानंतर येते.

साहित्य

रिकामं पोट, धुतलेला उजवा हात, पाचशेची एक नोट आणि पुढे काही काम नसलेली दुपार. यातली शेवटची वस्तू सर्वांत दुर्मीळ. ती नसेल तर तारकर्लीच्या वाटेवर वडापाव मिळतो, तो खाऊन पुढे जावं. चमचा आणू नये. मागितला तर देतात, पण त्याच्याबरोबर स्वयंपाकघराच्या दारातून एक नजर येते आणि ती नजर चमच्यापेक्षा जास्त वेळ टेबलावर राहते. लहान मूल सोबत असेल तर उत्तमच. त्याला काटे काढून द्यायला खानावळ चालवणाऱ्या वैनी स्वतः बाहेर येतात आणि तुम्हाला प्रात्यक्षिक फुकट बघायला मिळतं.

पायरी 1: जागा हेरणं

मालवणात खानावळ शोधावी लागत नाही, गाळावी लागते. भरडावरून बाजारपेठेत उतरा आणि तिथून बंदराकडे चालू लागा. दर दहा पावलांवर ‘घरगुती मालवणी जेवण’ अशी पाटी दिसेल. शंभर खुर्च्यांच्या एसी हॉलवरही ‘घरगुती’च लिहिलेलं असतं, एवढं मोठं घर कोणाचं, हे विचारू नये. पाटी वाचण्यापेक्षा दुपारी साडेबाराला आत कोण बसलंय ते बघा. एसटीचा कंडक्टर, तहसील कचेरीतला कारकून आणि कोर्टाच्या तारखेला आलेले दोन सख्खे भाऊ (दावा एकमेकांवर, टेबल मात्र एकच) असे लोक दिसले तर डोळे मिटून आत शिरा. सगळेच जण उभे राहून ताटाचे फोटो काढत असतील तर पुढच्या पाटीकडे वळा.

1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि आमच्याकडे पाहुणे वाढले. त्याआधी खानावळीत जेवायचे ते बदली होऊन आलेले मास्तर, बँकेतले एकटे क्लार्क, बोटीची आणि नंतर एसटीची वाट बघणारे लोक. महिन्याचे पैसे ठरलेले, मासळी येईल ती, भात पोटभर. हीच रीत मुंबईच्या गिरणगावात होती. तिथे घरोघरच्या बायकांनी जेवणं घालून गिरणी कामगारांच्या पिढ्या पोसल्या आणि त्याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तेव्हा वाढणाऱ्या माणसाला ‘ए, इकडे’ म्हणून हाक मारण्याआधी थोडा विचार करावा. कुडाळला खानोलकरांच्या घरची खानावळ होती. तिच्या व्यापात कविता करणारे चिं. त्र्यं. खानोलकर म्हणजेच आरती प्रभू. त्यांच्या ‘नक्षत्रांचे देणे’ला 1978 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते गेल्यानंतर. तुमच्या ताटात आमटी ओतणारा मुलगा वहीत काय लिहितो हे तुम्हाला ठाऊक नसतं.

पायरी 2: विचारणं

मेनूकार्ड मागू नका. भिंतीवरचा फळाही खरा धरू नका, त्यावरची ‘पापलेट थाळी’ गेल्या दिवाळीत लिहिलेली असते. हळूच विचारायचं, “वैनी, आज काय आसा?” तुमच्या उच्चारावरून तुम्ही पुण्याचे आहात हे लगेच कळेल, पण प्रयत्नाचे गुण मिळतात.

“बांगडो आसा. मोरी आसा. सुरमय संपली.”

इथे नवशिका हमखास घसरतो. तो म्हणतो, “सुरमई नाहीच का? आम्ही खास त्यासाठी आलोय.” तुम्ही खास आलात हे समुद्राला कळवलेलं नसतं. आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव झाला तेव्हा टोपल्यांत जे होतं तेच आज तव्यावर आहे.

विचारण्याआधी पंचांग आणि सरकारी परिपत्रक अशी दोन्ही कागदपत्रं बघून ठेवावीत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात जायला बंदी असते, कारण हा मासळीच्या विणीचा काळ आणि दर्याही खवळलेला. पुढे नारळी पौर्णिमेला सागराला नारळ दिला की नव्या मोसमाला खरा हुरूप येतो. बंदीच्या दोन महिन्यांत ताजी सुरमई मिळालीच, तर ती तुमच्याइतकाच लांबचा प्रवास करून बर्फातून आली आहे असं समजावं. पावसात खरं जेवण सुक्या मासळीचं: खारा बांगडा निखाऱ्यावर भाजलेला, गोलमा किंवा सुकटीची किसमूर, नाहीतर खाडीतले शेवटे आणि गुंजले. पर्यटक याला ‘ऑफ सीझन’ म्हणतात. आमच्याकडे त्या दिवसांत पेज आणि सुक्या बांगड्यावर लोक खूश असतात आणि टेबलही लगेच मिळतं.

मग वार. सोमवार बहुतेक घरांत पाळतात, कोणी गुरुवार, कोणी शनिवार. शिवाय संकष्टी, एकादशी, श्रावण आणि गावच्या देवाच्या जत्रेचा दिवस. हे सगळं वजा करून उरलेल्या दिवशी मालवणी माणूस मासे खातो आणि त्या दिवशी बाकीच्या सगळ्या दिवसांची भरपाई करतो.

पायरी 3: बांगडाच मागावा

हा माझा पक्षपात समजा, पण त्यामागे हिशेब आहे. पापलेट मागणाऱ्याला पाचशेच्या नोटेत आणखी भर घालायची वेळ येऊ शकते, सुरमईवाल्याला थोडे पैसे परत मिळतात, आणि बांगडेवाल्याला इतके परत मिळतात की तो संध्याकाळी बंदरावर जाऊन आइस्क्रीमही खाऊ शकतो. पण बांगडा स्वस्त म्हणून दुय्यम, असं नाही. पावसाळा सरून पाण्याचा रंग बदलला की बांगड्याला चरबी धरते. तव्यावर टाकल्यावर त्याला फारसं तेल लागत नाही, स्वतःचंच सुटतं. सुरमईची चकती दिसायला राजबिंडी. पण पोटाच्या बाजूची मिळाली तर नशीब. पाठीची मिळाली आणि तव्यावर जरा जास्त राहिली की चावून चावून जबडा दुखतो.

शिवाय बांगडा तुमच्या डोळ्यांदेखत येऊ शकतो. सकाळी लवकर उठलात तर किनाऱ्यावर रापण ओढताना बघा. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडलेलं असतं, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्ही दोरांवर बाप्ये-बायका, म्हातारे, शाळा बुडवलेली पोरं. तासभर ओढल्यावर जाळ्याचा शेवट वाळूत येतो. कधी त्यात बांगडा-तारली चमकते, कधी नुसती शेवाळं. मिळालं ते वाट्यांनी वाटून घेतात. अलीकडे शेवाळंच जास्त दिवस येतं, असं रापणकार सांगतात. खोल पाण्यात एलईडी दिवे लावून मासळी एका जागी गोळा करून उपसायची पद्धत आली. केंद्राने 2017 साली तिच्यावर बंदी घातली, तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसतात आणि त्यावरून मालवणात मोर्चे निघतात. तेव्हा “बांगडा एवढा महाग का?” असं विचारायचं असेल, तर ते वैनींना विचारू नका. उत्तर ऐकायला तुम्हाला दुपारचं जेवण सोडून रात्रीपर्यंत बसावं लागेल.

पायरी 4: ताट आलं, हात आवरा

ताट एकदम समोर येतं. एका बाजूला तळलेला बांगडा: आगळ, हळद, तिखट, मीठ लावून तांदळाच्या पिठात आणि रव्यात हलका घोळवलेला. रव्याचा थर चिलखतासारखा जाड असेल तर आत काय लपवलंय याचा विचार करावा. वाटीत आमटी. दुसऱ्या वाटीत सोलकढी. कोपऱ्यात कांदा, लिंबाची फोड, चिमूटभर किसमूर आणि वैनींचा मूड बरा असेल तर तिसऱ्यांचं सुकं. भाकरी तांदळाची, नाहीतर चपाती. आणि भात.

नवशिक्याचा हात थेट तळलेल्या तुकड्याकडे जातो. तिथे तो थांबवावा. तळलेल्या माशाचे पैसे तुम्ही मोजता, म्हणून तोच जेवण वाटतो. पण जेवण आहे ते भात आणि आमटीत, आणि ती दोन्ही मागाल तितकी मिळतात. इंडोनेशियात पदांग पद्धतीच्या खानावळीत याच्या उलट हिशेब आहे. तिथे बसलं की न विचारता डझनभर बशा टेबलावर मांडतात, नारळाच्या रसात शिजवलेलं मांस, मासे, तिखटजाळ सांबाल. ज्या बशीला हात लावला तिचे पैसे, बाकीच्या आत परत. नारळ त्यांच्याकडेही आपल्याइतकाच सढळ. म्हणजे माणसं आपलीच, फक्त हिशेब बशीचा. आमच्याकडे मासा मोजून, आमटी विश्वासावर.

या आमटीत काय आहे ते बघा. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद असं सगळं गंधासारखं बारीक वाटलेलं. फोडणीचा गाजावाजा नाही, गरम मसाला नाही. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं काळपट वाटप आणि मालवणी मसाला कोंबडी-मटणासाठी. माशाच्या आमटीत तो घालणारी खानावळ पाहुण्यांना ओळखून आहे, माशाला नाही. आंबटपणाला सोलं. आणि बांगडा किंवा तारली असेल तर तिरफळं, कारण या चरबीच्या माशांचा उग्रपणा तिरफळच आवरतं. मासा टाकल्यावर आमटीत डाव घालत नाहीत. टोप फडक्याने दोन्ही कानांना धरून गोल फिरवतात, आमटी फिरते आणि तुकडा मोडत नाही. स्वयंपाकघर दिसत असेल तर ही एक हालचाल बघून घ्या. ज्या बाईच्या हातात ती सहज आहे तिच्या खानावळीत बाकी काही तपासायची गरज नाही.

भातात मध्ये खळगा करा, आमटी ओता, जरा मुरू द्या. उकडा भात मिळत असेल तर तोच मागा. जाडा, तांबूस, एक-एक दाणा सुटा, आणि आमटी तोच नीट धरून ठेवतो. पाहुण्यांना बहुधा पांढरा बारीक भात वाढतात, कारण पूर्वी कोणीतरी “हा असा लाल का?” असं विचारून ठेवलेलं असतं.

सूचना: आमटीत काळपट, खरबरीत, मिऱ्याहून जरा मोठी टरफलं दिसतील. ती तिरफळं. चावू नका. चावलंत तर जीभ आधी चुरचुरेल, मग बधिर होईल आणि शेजारचं टेबल हसेल. बाजूला काढून ताटाच्या कडेला लावायची, चोखून टाकली तरी चालतं. तिरफळाचं झाड काटेरी असतं, पावसाळ्यात हिरवे घोस काढून वर्षभरासाठी वाळवतात आणि आतली काळी बी फेकून देतात. म्हणजे झाडावर चढणाऱ्यापासून वाळवणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी तुमच्या आधीच काळजी घेतलेली असते. चावायची तेवढी चूक तुमच्या हातात उरते.

पायरी 5: बांगडा उघडणं

आता तळलेला मासा. याला घाई चालत नाही. बांगडा ताटात आडवा ठेवा, शेपूट डावीकडे. त्याच्या कुशीवर मधोमध एक पुसट रेघ जाते, त्या रेघेवर अंगठ्याचं नख हलकं दाबा. वरचं मांस दोन फाळ्यांत सुटं होतं. एक पाठीकडे, एक पोटाकडे सरकवा. मधला काटा उघडा पडेल. शेपटीशी तो चिमटीत धरा आणि सावकाश डोक्याकडे उचला. हात स्थिर असेल तर अख्खी पाठीची दांडी बाजूच्या काट्यांसकट निघून येते आणि खालचा अर्धा भाग आयता तयार. उरले ते पोटाच्या कडेचे काटे, ते जिभेने शोधायचे. डोकं टाकू नका. गालाजवळ मांसाचा छोटासा गोळा असतो. जे तो खात नाहीत त्यांच्या ताटाकडे मालवणी माणूस अत्यंत दुःखाने बघतो.

तारली मिळाली असेल तर वरचं सगळं विसरा. तिला इतके बारीक काटे असतात की तिच्यासाठी मार्गदर्शिका नाही, बालपण लागतं.

पायरी 6 मध्येच येते

तुम्ही काटा उचलत असताना वैनी भात घेऊन येतात. “भात व्हयो?” याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ नसतं, हा प्रश्न वाढता वाढता विचारलेला असतो. ‘पुरे’ म्हटल्यावर एक डाव पडतो. ‘खरंच पुरे’ला अर्धा. ताटावर आडवा हात धरल्याशिवाय वाढणं थांबत नाही, आणि हात धरलात तरी “ह्या काय, जेवलासच नाय!” हे ऐकावं लागतं. हा आरोप मनावर घ्यायचा नाही, पण आणखी थोडी आमटी मात्र घ्यायची.

याच वेळी चौकशीही सुरू होते. “गाव खंयचो तुमचो?” सोलापूर म्हणालात तर प्रकरण मिटतं. पण आईचं माहेर कणकवलीकडचं वगैरे काही बोलून गेलात तर पुढची दहा मिनिटं आडनाव, वाडी, देवस्थान आणि मुंबईतली चाळ या मार्गाने तपास चालतो. शेवटी वैनींच्या जावेची कोणीतरी तुमच्या मामीची कोणीतरी निघते. त्याने बिल कमी होत नाही, तिसऱ्यांचं सुकं मात्र पुन्हा येतं.

पायरी 7: सोलकढी

वाटी किंवा पेला सुरुवातीलाच समोर आला म्हणून सरबतासारखा आधी गटकावू नये. हॉटेलांनी तिला ‘वेलकम ड्रिंक’ करून टाकलंय, तिचा त्यात दोष नाही. ती शेवटच्या भातावर घ्यायची आणि उरलेली तोंड लावून प्यायची. नारळाचा रस, त्यात सोलांचं आगळ, लसूण, हिरवी मिरची, मीठ, वर कोथिंबीर. आगळ म्हणजे रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, सालांना मीठ लावून सुटलेला रस. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि तेव्हा अंगणाअंगणांत साली वाळत असतात, आपल्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून. आमच्या आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालंय, त्यामुळे आता ते जरा ताठ चालतं.

सोलकढीचा रंग फिकट गुलाबी असावा. जांभळट-भडक दिसली तर शंका घ्यावी. फार वेळ ठेवली की रस आणि आगळ यांचं जमत नाही, ती फुटते आणि वर पांढुरकं तरंगतं. म्हणून चांगल्या खानावळीत ती थोडी थोडी करतात आणि दोन वाजता संपते. “सोलकढी संपली” हे ऐकून चिडू नका, ते त्या खानावळीचं प्रमाणपत्र आहे. दुपारी चार वाजता मुबलक सोलकढी मिळत असेल तर ती कशी, हा प्रश्न मनातल्या मनात ठेवा.

शेवट

हात तिथेच ताटात धुऊ नका, मागच्या बाजूला नळ आहे. लिंबाची उरलेली फोड बोटांना चोळा, तरी बांगडा संध्याकाळपर्यंत तुमच्यासोबत राहील. गल्ल्याजवळ क्यूआर कोड चिकटवलेला असतो, पण रेंज रस्त्यापलीकडे फणसाखाली मिळते. म्हणून ती पाचशेची नोट. पैसे देताना ‘अप्रतिम’, ‘ऑथेंटिक’ वगैरे म्हणू नका, त्यावर काय उत्तर द्यायचं हे इथे कोणाला सुचत नाही. “आमटी बरी होती” एवढं पुरतं. आमच्याकडे ‘बरी’च्या वर शब्द वापरत नाहीत, आणि तुम्ही आमटीचं नाव काढलंत, माशाचं नाही, हे नोंदलं जातं.

मग खुर्ची मोकळी करा. ते दोन भाऊ बाहेर उभे आहेत, आज तारीख लवकर पडली. उद्या पुन्हा यायचा विचार असेल तर आधी वार बघा. सोमवार निघाला तर वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं असेल. त्याला मार्गदर्शिका लागत नाही, काटे नसतात.